कपाशी, सोयाबीन, तूर, हरभऱ्यावरील किडी आणि फवारणीचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या कोरडवाहू वावरात किडीपायी पैसा दोन वाटांनी जातो. कीड जे खाते ते एक, आणि किडीच्या धास्तीने आपण जे फवारतो ते दुसरे. पहिले नुकसान पिकावर दिसते. दुसरे कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत दिसते, तेही माल विकल्यावर. खालची उत्तरे दोन्ही नुकसाने धरून लिहिली आहेत.

कीड दिसली की लगेच फवारायचे का?

नाही. आधी मोजायची, मग हिशेब करायचा. समजा औषध, मजुरी आणि पाणी वाहण्याचा खर्च धरून एका एकराची एक फवारणी १,२०० रुपयांना पडते. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे किलोला ८१ रुपये. याचा अर्थ त्या फवारणीने किमान १५ किलो कापूस वाचला तर खर्च निघाला. बोंडात सरासरी ४ ग्रॅम कापूस धरला तर १५ किलो म्हणजे सुमारे ३,७०० बोंडे. चार फूट बाय एक फूट लागवडीत एकरी जवळपास १०,९०० झाडे बसतात. म्हणजे साधारण तीन झाडांमागे एक बोंड.

पण कोणतीच फवारणी सगळी कीड मारत नाही. निम्मे नुकसान टळले असे धरले, तर न फवारता ३० किलो जाणार असेल तेव्हाच फवारणी बरोबरीत सुटते. खेड्यावर येणारा व्यापारी हमीभावापेक्षा कमी देत असेल तर हा आकडा आणखी वर सरकतो. सोयाबीनला त्याच वर्षीच्या ५,३२८ रुपयांच्या हमीभावाने त्याच १,२०० रुपयांसाठी २३ किलो वाचावे लागते.

दर वेळी वही घेऊन हे मांडणे शक्य नसते, म्हणून शास्त्रज्ञांनी प्रत्येक किडीची आर्थिक नुकसान पातळी ठरवून दिली आहे. त्या पातळीच्या खाली फवारले की पैसा जातो आणि मित्रकीटकही मरतात. कपाशीत तुडतुडे पानामागे २ ते ३, फुलकिडे १०, मावा १०, पांढरी माशी ८ ते १०. सोयाबीनमध्ये उंटअळी किंवा तंबाखूवरील पाने खाणारी अळी ओळीच्या एका मीटरला ३ ते ४. हरभऱ्यात घाटेअळी मीटरला १ ते २. बोंडअळीचे गणित वेगळे आहे, ते पुढे येते.

मोजणी नेमकी कशी करायची?

धुऱ्यालगतच्या (बांधालगतच्या) चार-पाच ओळी सोडा, कारण कीड तिथे नेहमीच जास्त दिसते आणि अंदाज फसतो. वावरात नागमोडी चालत एकरी २० झाडे पाहा. प्रत्येक झाडाची वरचे, मधले आणि खालचे अशी तीन पाने उलटून पाहा. सकाळी लवकर जा. ऊन चढले की पांढरी माशी पानाला हात लागताच उडते. तुडतुडा ओळखायला सोपा, तो तिरपा चालतो. आठवड्यातून एकदा, तासाभराचे काम आहे, आणि ते स्वतःच करावे. नमुन्याचे एक पान दुकानात नेऊन निदान करून घेतले की औषध घेऊनच परत यावे लागते.

पऱ्हाटीची (कपाशीची) पाने लाल पडली, कोणते औषध मारू?

आधी लाल कसे पडले ते बघा. कडा वळलेल्या, कडेपासून पिवळेपणा आणि मग लाली सुरू झालेली, पान उलटल्यावर तुडतुडे दिसतात, तर ते तुडतुड्यांचे काम. जुनी पाने आधी लाल, शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग लाल, खाली कीड नाही, तर तो लाल्या. त्याचे कारण मॅग्नेशियम-नत्राची कमतरता किंवा पाण्याचा ताण. लाल्या कीटकनाशकाने हिरवा होत नाही. तरीही सप्टेंबर-ऑक्टोबरात लाल्यावर कीटकनाशकाचे पंप रिकामे होतात, हे दरवर्षीचे चित्र आहे.

बीटी बियाणे घेतले तरी बोंडअळी कशी येते?

बोंडअळ्या तीन: हिरवी म्हणजे अमेरिकन, ठिपक्यांची आणि गुलाबी. भारतात बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला, २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे बीटी २००६ मध्ये आले. पहिल्या दोन अळ्यांवर बीटी आजही काम करते. गुलाबी अळीने मात्र आधी एका आणि मग दोन्ही प्रथिनांविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली, आणि २०१७ च्या खरिपात विदर्भाने त्याची किंमत मोजली.

असे का झाले? गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते, त्यामुळे तिच्या पिढ्यान्‌पिढ्या बीटीवरच पोसल्या. आपल्याकडे बीटी वाण म्हणजे संकरित वाण. संकरिताच्या बोंडात सगळ्या सरक्या सारख्या नसतात. काहींत विष असते, काहींत कमी, काहींत नसते. अळी जगायला वाव मिळतो. वरून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभे ठेवून कापूस घेणे. अळीत प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून लावायच्या बिगरबीटी आश्रयाच्या ओळी तर कोणी लावल्याच नाहीत, पाकिटासोबतची ती वेगळी पुडी धुऱ्यावर पडून राहिली. आता ४७५ ग्रॅमच्या पाकिटात बिगरबीटी बी मिसळूनच येते.

बोंडे बाहेरून ठणठणीत दिसतात. आत गुलाबी अळी आहे हे कसे कळणार?

गुलाबी अळी फसवते ती इथेच. अंड्यातून निघालेली बारीक अळी फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि शिरल्याचे छिद्र बुजून जाते. बाहेर काही दिसत नाही. हाताला लागतात त्या दोन खुणा.

पहिली डोमकळी. फूल उमलत नाही, पाकळ्या रेशमासारख्या धाग्याने एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. पाकळ्या हाताने सोडवल्या की आत अळी असते, आधी पांढुरकी, काळ्या डोक्याची. गुलाबी रंग तिसऱ्या अवस्थेपासून चढतो. त्यामुळे ‘पांढरी आहे, गुलाबी नाही’ म्हणून सोडून देऊ नका. डोमकळ्या तोडून जागीच चुरगाळाव्यात. ओळीत फेकल्या तर उपयोग नाही.

दुसरी खूण हिरव्या बोंडात. एकरी २० झाडांवरून प्रत्येकी एक, १० ते २० दिवसांचे, दाबले तर थोडे दबणारे बोंड तोडा आणि फोडा. सालीच्या आतल्या बाजूला मसासारखा फुगवटा किंवा नागमोडी रेघ दिसली तर अळी तिथून आत गेली आहे. २० बोंडांत २ किडकी निघाली की १० टक्के झाले, फवारणीची वेळ आली. बोंडावर गोल छिद्र दिसले तर उशीर झाला. ते अळी बाहेर पडल्याचे छिद्र आहे. बोंडाच्या आतल्या अळीपर्यंत औषध पोहोचत नाही. फवारणी मारते ती पतंग, अंडी आणि आत शिरण्याआधीची अळी.

कामगंध सापळे लावले, पण पतंगच सापडत नाहीत. काय चुकते?

बहुतेक वेळा ल्यूर, म्हणजे सापळ्यात ठेवायची मादीच्या गंधाची गोळी, चुकते. हरभरा-तुरीच्या घाटेअळीचे ल्यूर वेगळे, गुलाबी बोंडअळीचे वेगळे. दोन्ही सापळे एकसारखे दिसतात, म्हणून पुडीवरचे किडीचे नाव वाचूनच घ्या. बाकी चुका अशा: तंबाखू मळलेल्या किंवा औषधाच्या हाताने ल्यूर धरणे, उरलेली ल्यूर उन्हात ठेवणे, पिशवीचे खालचे टोक न बांधणे, आणि पऱ्हाटी वाढली तरी सापळा तिथेच ठेवणे. सापळा पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर असावा. ल्यूर तीन-चार आठवड्यांनी बदला, पिशवी रोज रिकामी करून पतंग मोजा.

नुसत्या पाहणीसाठी एकरी २ सापळे पुरतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री ८ किंवा जास्त पतंग आले की बोंडे फोडून पाहणी करा आणि उपाय सुरू करा. नर मोठ्या संख्येने पकडायचे असतील तर एकरी ८ सापळे लागतात. पण सापळ्यात फक्त नर येतात. शेजारच्या वावरात मिलन झालेली मादी तुमच्या वावरात येऊन अंडी घालतेच. म्हणून एकट्याने आठ सापळे लावण्यापेक्षा अख्ख्या शिवाराने लावलेले बरे.

पोळ्याच्या अमावस्येला फवारणी केलीच पाहिजे का?

अंधाऱ्या रात्री पतंगांची हालचाल जास्त असते, हे अनुभवाला धरून आहे. शिवाय जूनच्या मध्यात लावलेली पऱ्हाटी पोळ्याच्या सुमारास पात्या-फुलांवर आलेली असते, त्यामुळे तारीख बऱ्याचदा जुळते. पण पेरणी पंधरा-वीस दिवस लांबली तर अमावस्या तीच राहते आणि पीक मागे असते. तेव्हा अमावस्येला सापळे आणि फुले नक्की बघा. पंप मात्र आकडा पाहून उचला.

पंपाला औषध किती घालायचे? झाकणाने मोजले तर चालते का?

झाकणाने मोजू नका, बाटलीबाटलीचे झाकण वेगळे असते. मापी ग्लास आणि ग्रॅमचा लहान काटा घ्या.

शिफारशीत मात्रा १० लिटर पाण्याला दिलेली असते आणि आपला पंप १५-१६ लिटरचा असतो. तुरीवरच्या घाटेअळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के दाणेदार १० लिटरला ४.४ ग्रॅम, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला ७ ग्रॅम. पण खरा आकडा एकराचा असतो: हेक्टरी २२० ग्रॅम, एकरी ८८ ग्रॅम. तो २०० लिटर पाण्यात बसतो, आणि २०० लिटर म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप. प्रत्यक्षात एकराला सहा-सात पंपच मारले जातात. पंपातली मात्रा बरोबर असूनही वावरात औषध निम्मेच पडते. कीड मरत नाही, ‘औषध बोगस निघाले’ म्हणून पुढच्या वेळी त्याहून महागडे आणले जाते. बनावट औषधे बाजारात आहेत, ते खरे, पण त्याआधी आपले पंप मोजा.

पॉवर पंपाला पाणी कमी लागते, म्हणून त्यात मात्रा पंपागणिक वाढते. ‘तिप्पट घाला’ ही म्हण तिथून आली. तिप्पट मात्रा घालून पाणीही साध्या पंपाइतकेच मारले, तर खर्च तिप्पट आणि पीक करपण्याची जोखीम वेगळी.

औषधाचे नाव लक्षात ठेवताना मोठ्या अक्षरांतले व्यापारी नाव सोडा, खाली बारीक अक्षरांत लिहिलेला घटक वाचा. तीन वेगवेगळ्या डब्यांत एकच घटक असू शकतो. मग बदलून फवारल्याचे समाधान मिळते, पण किडीला रोज तेच जेवण जाते. लागोपाठ दोन फवारण्या एकाच गटाच्या नकोत. आणि कपाशीत सुरुवातीच्या तीन महिन्यांत सिंथेटिक पायरेथ्रॉइड, म्हणजे सायपरमेथ्रिनसारखी औषधे टाळा. त्यांनी मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते.

एकाच पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत चालते का?

मजुरी वाचते म्हणून सगळेच करतात. दोन घटकांच्या पुढे जाऊ नये, तेही लेबलवर मिसळायची परवानगी असेल तरच. चार गोष्टी एकत्र केल्या की द्रावण फाटते, साका खाली बसतो, नोझल तुंबते. नोझल तोंडाने फुंकण्याची पाळी येते, ती वेगळीच आफत. शिवाय पीक करपले तर कशाने करपले ते कळत नाही. बादलीत थोडे थोडे मिसळून अर्धा तास ठेवा. गुठळी, फेस किंवा उष्णता दिसली तर ते मिश्रण पंपात घालू नका. कपाशी पिवळसर आहे म्हणून टॉनिक घालण्याची तर बहुतेक वेळा गरजच नसते. पाणी साचलेल्या वावराला चर काढून दिला की पीक आपोआप सुधारते.

५ टक्के निंबोळी अर्क घरी कसा करायचा?

जून-जुलैत कडुलिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करा, गर काढून धुवा आणि सावलीत वाळवा. ओल्या साठवल्या तर बुरशी धरते. फवारणीच्या आदल्या दिवशी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. दुसऱ्या भांड्यात १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा. सकाळी अर्क पातळ कापडातून दोनदा गाळा, साबणाचे पाणी घाला आणि एकूण १०० लिटर करा. एकराला असे दोन माप लागतात. त्याच दिवशी, संध्याकाळकडे फवारा. उन्हात याचा गुण लवकर उतरतो.

याने कीड पटापट मरून खाली पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. अंडी घालणे कमी होते, अळ्यांचे खाणे मंदावते. लहान अळ्या आणि रसशोषक किडींवर, तेही सुरुवातीला, याचे पैसे वसूल होतात. बोटाएवढ्या अळीवर नाही.

सोयाबीनचे पान लोंबते, झाड वरून वाळते. मर रोग आहे का?

जुलै-ऑगस्टमध्ये असे दिसले तर लोंबलेल्या पानाचा देठ किंवा खोड बारकाईने बघा. सुरीने कोरल्यासारख्या दोन गोल खाचा दिसतील. हा चक्रीभुंगा. मादी दोन खाचा करून मधल्या जागेत अंडी घालते. खाचेच्या वरचा भाग वाळतो, अळी आतून खोड पोखरत खाली जाते. लोंबलेली पाने-फांद्या खाचेच्या खालून तोडून नष्ट केल्या तर अंडी-अळी दोन्ही जातात. पंधरवड्यातून दोनदा हे काम मजुरीत परवडते.

खाचा नसतील तर झाड उपटून खोड उभे चिरा. आत लालसर नागमोडी पोखर दिसली तर खोडमाशी. तिच्यासाठी नंतरच्या फवारणीपेक्षा पेरणीआधी बियाण्याला थायोमेथॉक्झाम ३० एफएस किलोला १० मिली लावणे स्वस्त पडते. जिवाणू संवर्धक त्यानंतर, पेरणीच्या तोंडावर लावायचे.

पाने चाळणीसारखी दिसतात, तिथे पान उलटून बघा. तंबाखूवरील अळीची पिल्ले एकाच पानावर पुंजक्याने असतात. ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवले की एका हातात शेकडो अळ्या संपतात. पांगल्यावर त्याच अळ्यांना अख्खी फवारणी लागते.

तूर आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळीला स्वस्तातला उपाय कोणता?

एकरी २० पक्षीथांबे. इंग्रजी टी अक्षरासारखे, पिकाच्या वर दीड-दोन फूट. त्यावर कोतवाल, मैना बसतात आणि अळ्या टिपतात. खर्च काड्यांचा. तूर उंच असेल तर ओळीत पोते अंथरून झाड हलवा, अळ्या पोत्यावर पडतात.

फुलोऱ्याच्या सुरुवातीला निंबोळी अर्क. अळ्या लहान असतानाच घाटेअळीचा विषाणू, एचएएनपीव्ही, एकरी २०० एल.ई. संध्याकाळी फवारायचा. एक एल.ई. म्हणजे एका रोगट अळीतून मिळणारे विषाणू. उन्हाने ते निकामी होतात म्हणून द्रावणात थोडी नीळ घालतात. परिणाम पाच-सात दिवसांनी दिसतो: अळ्या शेंड्याकडे चढतात आणि उलट्या लटकून मरतात, अंगातून काळपट पाणी गळते. दुसऱ्याच दिवशी ‘मेली नाही’ म्हणून रासायनिक मारले तर दोन्ही खर्च अंगावर येतात.

तुरीत शेंगमाशीही असते. तिची अळी शेंगेच्या आत राहते, बाहेर खूण नाही. शेंगा सोलून पाहणे हाच मार्ग.

वाणी रोपे खाते. कोणते कीटकनाशक?

वाणी (अनेक पायांचा मिलिपीड) कीटक नाही, त्यामुळे बऱ्याच कीटकनाशकांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. संध्याकाळी वावरात गवताचे ओले ढीग ठेवा, सकाळी ढिगाखाली जमलेली वाणी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. डवरणी वेळेवर करा, तिची लपायची जागा मोडते.

फरदड घेतली तर वरचा कापूस फुकट मिळतो, मग का सोडायची?

फुकट मिळत नाही. जानेवारीनंतरच्या बोंडांत निम्मा कापूस कवडी, म्हणजे किडका आणि बोंडाला घट्ट चिकटलेला, असतो. मजूर किलोवर वेचतात, कवडी सोडवायला वेळ लागतो, म्हणून दर जास्त मागतात. व्यापारी डागी मालाला भाव पाडतो. त्यात एखाद-दुसरे पाणी आणि फवारणी धरली की हातात काय उरते ते स्वतः मांडून बघा.

मोठा खर्च पुढच्या वर्षी येतो. हंगामाच्या शेवटी अळी दोन सरक्या जोडून त्यात सुप्त पडते आणि पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन निघते. पऱ्हाट्यांच्या गंज्या, घरातला साठवलेला कापूस आणि जिनिंगच्या आवारातली सरकी ही तिची उन्हाळ्यातली घरे. डिसेंबरअखेर शेवटची वेचणी करा, गुरे चारा, पऱ्हाट्या उपटून श्रेडरने बारीक करून मातीत मिसळा. चुलीसाठी गंजी ठेवायचीच असेल तर मेच्या आत जाळून संपवा. आणि मान्सूनपूर्व लागवड करू नका. लवकर फुलावर आलेले एक वावर अख्ख्या शिवारासाठी पहिल्या पिढीचा गोठा होते.

फवारणी करताना काय जपायचे?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, आणि पॉवर पंपाचे बारीक धुके तोंडावर. म्हणून पीक छातीच्या वर गेले की वाऱ्याच्या दिशेने, पाठीमागे वारा ठेवून, उलट पावलांनी फवारा. धुके आपल्यापुढे पडते, आपण त्यात शिरत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, मास्क, चष्मा. सकाळी किंवा संध्याकाळी, सलग दोन-तीन तासांपेक्षा जास्त नाही. मध्ये बिडी-तंबाखू नाही. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

मळमळ, डोळ्यांसमोर अंधारी, लाळ, घाम, हातपाय थरथरणे, यातले काही दिसले की काम तिथेच थांबवा. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि दवाखाना गाठा. औषधाचा डबा सोबत न्या, कारण उपचार घटकावर ठरतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. रिकामा डबा भोक पाडून वेगळा ठेवा, घरात पाणी-तेलाला कधीही नाही.

किडीने पीक गेले तर विमा मिळतो का?

तुमच्या एकट्याच्या वावराचा पंचनामा होऊन, असे सहसा नाही. राज्यात २०२४ पर्यंत ७२ तासांत कळवण्याचा नियम गारपीट, जलमय होणे, वीज पडून लागलेली आग अशा स्थानिक आपत्तींचा होता, कीड त्यातही मोडत नव्हती. किडीचे नुकसान महसूल मंडळाच्या पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे मंडळाचे सरासरी उत्पादन ठरवून दिलेल्या किमान (उंबरठा) उत्पादनाखाली गेले तर, विम्यात येते. राज्यात २०२३ चा एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याचा हिस्सा सोयाबीन, तुरीला विमा रकमेच्या २ टक्के आणि कपाशीला ५ टक्के. पीक कापणी प्रयोग तुमच्या गावात कोणत्या गटात पडला आहे ते तलाठी किंवा कृषी सहायकाकडे विचारा, आणि त्या दिवशी वावरात हजर राहा.

औषध-बियाण्याची तक्रार करायची असेल तर पक्के बिल, लॉट नंबर आणि डब्यात उरलेले थोडे औषध लागते. कच्च्या चिठ्ठीवर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला फारसे काही करता येत नाही.